अत्यंत गोपनीय, तीन प्रतींत

३ मार्च, सकाळी ७
संशय पक्का. काल फोनवर गुपचूप 'कानाचं मशीन' शोधलं. आज बातम्या उघडल्या तर जाहिरात : कमी ऐकू येतं? म्हणजे इंटरनेट कंपनी बघते. कंपनी बघते ते सरकारला कळतं. आणि सरकार म्हणजे आमचंच ऑफिस. साहेबांना कळलं तर चौकशीच्या खिडकीवरून माझी उचलबांगडी, थेट रेकॉर्ड रूम. अकरा वर्षं सांभाळलेली खिडकी. धास्ती वाटते.
ऐकू मला व्यवस्थित येतं. लोकच हल्ली पुटपुटतात.

५ मार्च
व्हीपीएन घेतला. फोनच्या हिशेबी आता मी आइसलँडला असतो. जाहिरात तिकडच्या भाषेत आली. फोटो कानाचाच.

८ मार्च
इंटरनेट कंपनीला फोन करून बजावलं, मी कानाचं मशीन बघतो हे कोणालाही सांगायचं नाही. पलीकडची बाई पुटपुटत होती, म्हणून स्पीकर लावला. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी बायकोला विचारलं, कुठलं मशीन घेताय. घरात माइक आहे. टीव्ही भिंतीकडे तोंड करून ठेवला.

९ मार्च
टीव्हीवरून बायको कालपासून बोलत नाही. किंवा बोलत असेल.

११ मार्च
आता कायद्याने. अर्ज लिहिला : माझ्या श्रवणशक्तीबाबत शासनाकडे माहिती असल्यास ती नष्ट करावी. सोबत शोधांची यादी आणि कानाच्या डॉक्टरांचा रिपोर्ट. तीन प्रती. वर लाल शाईत 'अत्यंत गोपनीय'. बायको कानाशी येऊन म्हणाली, त्यापेक्षा मशीन घ्या. तिला यंत्रणा कळत नाही.

१२ मार्च
सरकारी नोकराचा अर्ज परस्पर वर जात नाही. नियमाप्रमाणे साहेबांमार्फत दिला. त्यांना शेरा मारता यावा म्हणून पाकीट उघडं ठेवलं. आवक क्रमांक घेतला. आज निवांत वाटतंय.

२० मार्च
उत्तर आलं. 'अर्जदाराबाबत अशी कोणतीही माहिती शासनाकडे नव्हती. ती सोबतच्या अर्जाद्वारे प्राप्त झाली.' मसुदा निर्दोष आहे. खाली साहेबांचा शेरा : खिडकी उद्यापासून दुसऱ्याकडे.

२१ मार्च, दुपार, रेकॉर्ड रूम
इथे नेटवर्कच नाही. पाळत ठेवणार कशी? शेवटी जिंकलो.
बायकोने डब्याच्या पिशवीत मशीन घातलंय. कानात घालून बघितलं, फक्त माइक आहे का ते तपासायला. पंखा कुरकुरतोय. भिंतीपलीकडे माझ्या खिडकीवर नवा माणूस बसलाय, समोर एक म्हातारे गृहस्थ काहीतरी विचारतायत. शब्दन् शब्द कळतोय.
पुटपुटत नाहीत ते.