एका घराचं एक पान

बाई, आज पुन्हा चिडले आहे, आणि चिडले की मला तुम्हीच आठवता. शेजारणीला दाखला हवा होता म्हणून तिच्यासोबत गेले. या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथून तलाठ्याकडे, तर तलाठी मीटिंगला. मी निवृत्त झाले तरी कारभार काही बदलला नाही. तुमची ती वही असती तर, असं मनात आलं.

मी नगरपालिकेत नुकतीच कारकून लागले होते. तुम्ही माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळा सुटली की छत्री घेऊन तुम्ही वाड्यांच्या कडेला, इमारतींच्या कामावर आलेल्या लोकांच्या वस्तीत जायचात. हजेरीच्या जुन्या वहीत एका घराला एक पान द्यायचात. वर नाव, त्याखाली पाणी, रेशनकार्ड, लस आणि शाळा. शेवटच्या पानावर एक विधवा आणि तिची लेक. शाळेपुढे तुम्ही लिहिलं होतं, 'येत नाही. बावखलातून पाणी आणते.' वाडीतल्या त्या तळ्यावर दोन खेपा होईपर्यंत शाळेची घंटा होऊन गेलेली असायची. जूनच्या आत वस्तीत नळ आला तर ही पोर वर्गात बसेल, एवढंच तुमचं म्हणणं होतं.

वही माझ्याकडे देताना तुम्ही बजावलंत की चारही खात्यांची माणसं एका टेबलाशी बसव आणि एकेक पान वाचून दाखव. मी प्रयत्न केला हो. रेशन तहसीलचं, लस आरोग्य केंद्राची, शाळा जिल्हा परिषदेची, नळ आमचा. एकाला सोमवार जमला की दुसऱ्याचा दौरा निघायचा. पत्रं लिहून लिहून बोटं दुखली, आणि मे महिना उजाडला. शेवटी प्रत्येक पान आडवं कापलं आणि ज्याची पट्टी त्याच्याकडे पाठवून दिली. नाव तेवढं वरच्या, पाण्याच्या पट्टीवर राहिलं. खात्यांना आकडा लागतो, नाव कशाला, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

लस टोचायला नर्स आली, पण कोणत्या घरात जायचं ते तिच्या पट्टीवर नव्हतं. आया कामावर गेलेल्या, ती हात हलवत परत गेली. आमच्या नळखात्याकडे नावं होती, पण पाण्यापायी शाळा बुडते हे शाळेच्या पट्टीवर. म्हणून पाइप टाकायला सोपं पडेल तिथे, नाक्यावर दुकानांपाशी नळ बसला. बावखल जेवढं लांब तेवढाच तो नळ लांब. पोरीची खेप काही चुकली नाही, फक्त वाट बदलली.

तुम्ही कचेरीत आलात. टेबलावर उरलेल्या आमच्या पाण्याच्या पट्ट्या हातात घेतल्यात. एरवी पुस्तकी बोलणाऱ्या तुम्ही, पण रागावलात की गावची बोली यायची. "पानी एकीकडं, शाळा एकीकडं, असा मानूस कापता येतो का गो? कोनी केलं हे?"

"साहेबांनी सांगितलं," मी म्हणाले.

तुम्ही तडक आत गेलात आणि सगळ्यांसमोर साहेबांना फैलावर घेतलंत. त्यांनी दारातून माझ्याकडे एकदा पाहिलं, मान खाली घातली आणि ऐकून घेतलं. पुढेही मला एका शब्दाने बोलले नाहीत.

ती पोर जूनमध्ये शाळेत आली नाही. पुढच्या वर्षी आईबरोबर घमेली उचलताना मी तिला पाहिलं आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेले. तुम्ही शेवटपर्यंत मला सांगत राहिलात की साहेबाला घाबरत जाऊ नकोस.

हे पत्र कुठे टाकायचं, बाई? तुम्हाला जाऊन किती पावसाळे झाले. घडी करून कपाटात ठेवते. एकच राहिलं. पट्ट्या कापल्या त्या दिवशी साहेब रजेवर होते. मला कुणीच सांगितलं नव्हतं.