पहिला नंबर एक्स्पोजचा

स्कारबरो, मार्चअखेर

प्रिय बेन,

तू पाठवलेला तक्ता मिळाला. पप्पांसाठी वृद्धाश्रमांची क्रमवारी. नर्स किती, घरापासून अंतर किती, जेवणाला तर दशांश चिन्हासकट गुण. उघडला आणि किळस आली. नुसता राग असता तर फोन करून भांडले असते. किळस आली की माझं तोंडच मिटतं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून लिहितेय.

तुझा पहिल्या नंबरचा आश्रम मी मंगळवारी बघून आले. दारात माशांची मोठी काचपेटी, भिंतीवर चकचकीत प्रमाणपत्रं. आत जेवण चाललं होतं. प्रत्येक ताटात तीन गोळे, हिरवा, नारिंगी आणि राखाडी. एका आजीबाईंनी राखाडी गोळ्याकडे बोट करून विचारलं, हे काय? वाढणारी मुलगी म्हणाली, "चिकन, डार्लिंग," आणि चमचा त्यांच्या तोंडात सारला. सगळीकडे फिनेलचा वास आणि त्याच्याखाली लघवीचा. तुझ्या तक्त्यात वासाला रकाना नाही, बेन. बाहेर येऊन गाडीच्या चारही काचा खाली केल्या, तसल्या थंडीत.

तुझी ही सवय जुनी आहे. पंधराव्या वर्षी तू बेसबॉलच्या संघांचा पहिला तक्ता केलास, किती धावा काढल्या, किती दिल्या, वजाबाकी करून क्रम. सीझन सुरू होण्याआधीच्या रविवारी मम्मी मलिदा करायची. पप्पांनी एलियाहू हन्नाबीला, आपल्या ज्यूंच्या प्रेषिताला, नवस बोललेला असायचा की टोरोंटोला यंदा जिंकू दे, आणि मम्मी म्हणायची, हन्नाबीला दुसरी कामं नाहीत का? भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, वेलची, मध्ये फळं. प्रार्थना झाली की ताट फिरायच्या आधी पप्पा उभे राहून आपला क्रम जाहीर करायचे. कागद नाही, आकडा नाही. अमुक संघ सातवा, कारण त्यांचा कोच खेळाडूंवर ओरडतो. तमुक संघ शेवटचा, कारण गणवेश बघवत नाही. तू तुझा कागद नाचवत म्हणायचास, "पप्पा, दॅट्स जस्ट युअर ओपिनियन!" आणि ते म्हणायचे, "मग काय शेजाऱ्याचं सांगू? अरे, तो संघ आहे की लाइटचं बिल?"

एक्स्पोजना मात्र ते तेव्हा कधी वर घ्यायचे नाहीत. मॉन्ट्रियलचा संघ, त्यांचा पहिला संघ, तरी विसावा, बाविसावा. ठाण्याहून मॉन्ट्रियलला आल्यावर विमानाच्या सुट्या भागांच्या कारखान्यात लागले तेव्हा सुटीच्या दिवशी एक्स्पोजच्या मैदानाशिवाय जायला दुसरी जागा नव्हती. मम्मी आली त्या उन्हाळ्यात तिलाही घेऊन गेले. तिला वाटलं क्रिकेटच आहे. चेंडू प्रेक्षकांत गेल्यावर तिने सहा म्हणून टाळ्या वाजवल्या, आणि पंचांनी तो फाउल दिला. आजूबाजूचे फ्रेंच लोक हसले आणि मग पुढच्या फाउलला तेही टाळ्या वाजवू लागले. पुढे फ्रेंच येत नाही म्हणून पप्पांना बढती मिळेना, आपण इकडे स्कारबरोला आलो, आणि पप्पा त्या संघावर रुसल्यासारखे झाले.

मग दोन हजार चारनंतर तो संघच गाशा गुंडाळून अमेरिकेत गेला. पुढच्या मलिद्याला पप्पा उभे राहिले आणि म्हणाले, "पहिला नंबर, एक्स्पोज." तू उडालासच. "पप्पा, दे डोंट एक्झिस्ट!" पप्पा म्हणाले, "म्हणूनच. जो संघ आता हरूच शकत नाही, तो पहिला नाही तर कोण?" मम्मीने पदर सावरत टोमणा मारला, "होते तेव्हा विसावे, गेले तेव्हा पहिले. म्हणजे मी गेल्यावर मलाही नंबर लागेल म्हणायचा." सगळ्यांत जास्त तू हसला होतास. खोबरं नाकात गेलं होतं तुझ्या.

तेव्हापासून दर वर्षी पहिला नंबर एक्स्पोज. मम्मी गेल्यावरच्या मलिद्यालाही. फक्त त्या वर्षापासून ते तिच्या खुर्चीकडे बघून म्हणतात, आणि कुणी हसत नाही. तूही मान खाली घालतोस. मला वाटायचं, तुला कळतं म्हणून घालतोस.

पप्पा विसरतात, ते मी नाकारत नाही. किटली कोरडी होईपर्यंत ठेवली होती. एकदा गाडी बसस्टॉपपाशी लावून बसने घरी आले. कदाचित एक दिवस मीच तुला म्हणेन की आता मला झेपत नाही. पण गेल्या आठवड्यात स्मरणशक्तीच्या असेसमेंटला बाई आल्या तेव्हा पप्पांनी वार नीट सांगितला, महिना सांगितला, कागदावर घड्याळाचं चित्र काढून दाखवलं. बाई खूश झाल्या. सहज विचारलं, बेसबॉल बघता का, कुठला संघ बेस्ट? पप्पांच्या चेहऱ्यावर मलिद्याचं हसू आलं. म्हणाले, "एक्स्पोज, ऑफ कोर्स." आणि मॉन्ट्रियलहून, लॅपटॉपच्या स्क्रीनवरून तू म्हणालास, "सी? धिस इज व्हॉट आय मीन. दॅट टीम लेफ्ट इन टू थाउजंड फोर."

बाईंनी ते लिहून घेतलं. मी सांगायला लागले की हा आमच्या घरचा विनोद आहे, तर त्या मायेने म्हणाल्या, घरच्यांना स्वीकारणं जड जातं. तू स्क्रीनवरून दुजोरासुद्धा दिला नाहीस. बाई गेल्यावर पप्पा बुटांची जागा उगाच नीट करत मला म्हणाले, "सारिना, बेनला माहीत आहे ना, की मला माहीत आहे?"

मी म्हटलं, हो पप्पा, माहीत आहे. त्या 'हो'ची चव अजून तोंडातून जात नाही. तुझ्या तक्त्याचा वीट आला होता, तो मी गिळलाही असता. पण आपल्याच ताटातला घास उचलून तू बापाविरुद्ध पुरावा म्हणून ठेवलास, आणि तुझा आवाज जरासुद्धा हलला नाही. शिसारी याचीच येते.

हे सगळं आज लिहायचं कारण सकाळचं आहे. रविवारच्या मलिद्याची परात काढून ठेवायला बेसमेंटमध्ये गेले, तर पप्पा खाली सोफ्यावर डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, प्रार्थना म्हणतायत. जवळ गेले तर संघांची नावं. त्यांचा क्रम नव्हता, तुझा होता, तू ईमेलने पाठवलेला या वर्षीचा. धावांच्या वजाबाकीसकट पाठ करत होते. मध्ये अडले की पहिल्यापासून. मला पाहून म्हणाले, "बाई परत येतील ना, तेव्हा चूक नको." मी विचारलं, आणि एक्स्पोज? तर म्हणाले, "ते नाहीत गं आता."

त्या बाईंना फोन कर आणि खरं काय ते सांग. रविवारी मॉन्ट्रियलहून पहिली गाडी पकड. प्रार्थना झाली की पप्पा उभे राहतील आणि तुझे आकडे म्हणायला लागतील. त्यांना तिथेच थांबव, आणि मम्मीच्या खुर्चीकडे बघून पहिला नंबर तू सांग. तोवर परात झाकून ठेवते.

एवढं सगळं म्हणूनही तुझीच,
सारिना