खंडेनवमीला पूजलेलं सूक्ष्मदर्शक

बोईसर,
दसऱ्यानंतरचा रविवार

तीर्थस्वरूप मैनाआत्यास,

भाग्येशचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस, की बाटली नुसती उशाशी ठेवून झोपतेस? मुरब्यात बोटी निघाल्या का, आणि बोंबील वाळायला पडले का? (वैभवी, आजीला पत्र तूच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. काही गाळू नकोस, कंसातलं मात्र मनातच वाच.) फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्रात निदान शेवटपर्यंत ऐकावं लागतं.

तुला दोष द्यायला लिहीत नाही. (थोडासा द्यायचा आहे.) प्रयोगशाळेतलं माझं यंत्र बघायला ये असं मीच तुला सांगितलं होतं, कारण नात्यात आजवर कुणी माझी नोकरी नेमकी काय आहे ते समजून घेतलं नाही. काकाला वाटतं मी तारापूरच्या अणुवीजकेंद्रात आहे, नि शेजारच्यांना वाटतं मी रक्त तपासून साखर सांगतो. तुला मात्र पटकन कळलं. पापलेट विकत घेताना तू अंगठ्याने दाबून ताजं की शिळं सांगतेस ना, तसंच ते यंत्र रक्ताची एकेक पेशी दाबून पाहतं. ते डोळ्याने बघत नाही, चाचपतं. केसाहून कितीतरी बारीक पट्टी, तिच्या टोकाला त्याहून बारीक सुई, आणि पट्टी किती वाकली यावरून पेशी मऊ की कडक ते कळतं. सिकलसेलच्या रोग्याच्या पेशी कडक होतात, बारीक नसांत अडकतात, आणि माणूस सांध्यासांध्यांत दुखून रडतो. गोळ्यांनी त्या मऊ पडतात का, हे आम्हाला मोजायचं आहे. त्यासाठी गोळ्या सुरू करण्याआधी एकदा मोजायचं आणि नंतर एकदा. आधीची मोजणी हुकली की ती कायमचीच हुकली.

यंत्र भलतं नाजूक आहे. रुळांवरून मालगाडी गेली की पेशीचं चित्र थरथरतं, नि एमआयडीसीचा ट्रक खड्ड्यात आदळला की पेशीला शिंगं फुटतात. म्हणून ते हवेच्या उशांवर तरंगणाऱ्या दगडी लादीवर ठेवलेलं असतं. त्या खोलीत आम्ही खोकत नाही. नरहरी सर, म्हणजे आमचे प्रमुख, शिंक आली तर बाहेर पळतात.

अशा खोलीत खंडेनवमीच्या सकाळी मी तुला एकटीला सोडून खाली गेलो. मंगळीच्या रक्ताची नळी घेऊन दवाखान्याचा माणूस आला होता. मंगळी म्हणजे तीच, मनोरच्या बाजारात आईबरोबर तुझ्याकडे सुकट घ्यायला येते आणि तुला आजी म्हणते ती बारीक मुलगी. तिच्या गोळ्या सुरू व्हायच्या होत्या. ते रक्त त्याच दिवशी मोजायचं होतं.

वर आलो तर यंत्राला झेंडूची माळ. लादीवर फुटलेला नारळ, पाणी हवेच्या उशांकडे निघालेलं. (नारळ फोडायला इतका सोयीचा दगड मुरब्यात नाही, हे मान्य.) जाण्याआधी तू विचारलं होतंस, याचं पातं कुठे हाय, आणि मी ऐटीत यंत्राचं उलटं करून ठेवलेलं डोकं दाखवलं होतं. कोयत्याला कुंकू पात्यालाच लावतात, म्हणून तू हळद-कुंकवाची दोन बोटं नेमकी त्या सुईवर टेकवलीस. त्या सुईची पट्टी एका पेशीच्या दाबानेही वाकते, आत्या. तुझं बोट तर मासे कापून कापून घट्ट झालेलं.

पण खरं सांगतो, सुईचं काही नव्हतं. डब्यात दुसऱ्या सुया होत्या. पाणी पुसलं असतं, कुंकू झटकलं असतं, दुपारपर्यंत मोजणी झाली असती. मी डबा उघडलाही. तेव्हा तू हात जोडलेलेच ठेवून म्हणालीस, "पूजलेलं हत्यार आज चालवायचं नाय. उद्या सोनं वाटून मंग चालव." आणि आत्या, मी, रसायनशास्त्राचा एम. एस्सी., डबा बंद केला. त्या दिवशी आपल्याकडे जाळ्याला कुणी हात लावत नाही, बोट पाण्यात नेत नाही, हे लहानपणापासून बघितलेलं. हात पुढे जाईना. नळी फ्रिजमध्ये ठेवली आणि तुला मिसळ खायला घेऊन गेलो. मिसळ चांगली होती, याचंच जास्त वाईट वाटतं.

दसऱ्याला प्रयोगशाळा बंद. परवा नळी काढली तर पेशी मोजण्याच्या लायकीच्या उरल्या नव्हत्या. तसाच मंगळीच्या पाड्यावर गेलो. गोळ्यांचं पाकीट तिला आदल्या दिवशीच मिळालं होतं. बुधवारपर्यंत गोळ्या थांबव, परत एकदा रक्त दे, असं म्हणालो. ती ओटीवर पाय लांब करून बसली होती, मांडी घालता येत नव्हती. म्हणाली, "परत सुई? आन गोल्या नाय घ्यायच्या? माजे पाय रातभर दुखतात, दादा." मी पूजेची सगळी गोष्ट सांगितली. ती हसली. आजीनं कुंकू लावलं का यंत्राला, म्हणाली. पण नाही ते नाहीच. मी परत आलो. तिच्या जागी मी असतो तर मला उंबऱ्याच्या आतही घेतलं नसतं.

बाकी सर्व ठीक. वैभवीला आशीर्वाद. गुडघ्यांना जप.

तुझा भाचा,
भाग्येश

ता. क. – सरांना मी सुई मालगाडीने मोडली असं सांगितलं आहे. ते कधी भेटले तर नारळाचा विषय काढू नकोस.

ता. क. दुसरा – पत्र लिहायचं खरं कारण असं की मनोरच्या बाजारात मंगळी भेटली, तर बुधवारपर्यंत थांब असं तू तिला सांग. तुझं ती ऐकेल. थोडी सुकट जास्त घाल.

ता. क. तिसरा – पाकीट चिकटवून मुरब्याच्या शेवटच्या एसटीच्या कंडक्टरकडे देणार, तेवढ्यात दवाखान्यातल्या नर्सबाईंचा फोन आला. मंगळीने गोळ्यांचं पाकीट फोडलेलंच नाही. दुखणं वाढलंय, काल तर भिंत धरूनही उभं राहता येईना. का घेतल्या नाहीत विचारलं तर म्हणाली, तो दादा इतका लांबून आला होता, आजीच्या घरचा हाय, बुधवारी सुई घेऊन येईल, तवर थांबते.

वैभवी, दुसरा ता. क. आजीला वाचून दाखवू नकोस. आत्या, बाजाराची वाट बघू नकोस, उद्याच पहिल्या एसटीने तिच्या पाड्यावर जा. मी आत्ता निघतोय, पण माझं ऐकून ती थांबली होती, आता माझं ऐकून गोळी घेईलच असं नाही. समोर बसून तिला गोळी घ्यायला लाव. पाणी तू दे. मोजणीचं विचारू नकोस, ती आता होणार नाही.