चार तास आधी

सूस, ४ फेब्रुवारी २०२५

ती. आईस सायलीचा शि.सा.न.

फोन केला की तू स्पीकर लावतेस आणि ओसरीवरचं सगळं गाव ऐकतं, म्हणून दूधवाल्याच्या गाडीबरोबर हे पत्र. नवव्या महिन्याच्या तपासणीत मला ग्रुप बी स्ट्रेप नावाचे जंतू आढळलेत. मला त्रास काहीच नाही. पण जन्मताना ते बाळाला लागले तर त्याच्या जिवावर बेततं. म्हणून कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं की लगेच दवाखाना, आणि सलाईनमधून पेनिसिलीन. बाळ यायच्या चार तास तरी आधी. धरणाकाठच्या आपल्या घरून हा दवाखाना दीड तास. तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी येत नाही. रिपोर्टची झेरॉक्स जोडलीय. रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझी, सायली

मुळशी, ७ फेब्रुवारी

चि. सायलीस आशीर्वाद हायेच, पर आज कडू.

पहिलं बाळंतपण माहेरात, ही रीत काय मी काढली? आमच्यात कुणाला असले जंतू न्हवते, तुला त्या सोसायटीत राहून लागले. डॉक्टरकडनं पाच दिसांच्या गोळ्या आणून संगं धाडल्यात, त्या घे अन् गपगुमान हितं ये. पहिलटकरणीच्या कळा दिवस-दिवस चालत्यात, दीड तासाचं मला काय कौतुक सांगती? सासूनं कान भरले तुझे, दुसरं काय.

जावईबापूंना आशीर्वाद. तुझी, आई

सूस, ९ फेब्रुवारी

आई, आजचा नमस्कार कोरडाच.

गोळ्या परत पाठवतेय. आत्ता घेऊन उपयोग नाही, बाळंतपणापर्यंत जंतू पुन्हा येतात. चार-पाच बायकांत एकीला ते असतात. यात माझं काही चुकलेलं नाही, तुझ्या जावयाचं, निषादचं नाही, सोसायटीचं तर नाहीच! आणि मला रोग लागलाय असं तुळजामावशीला कुणी सांगितलं? काल तिचा फोन आला, अंगारा पाठवू का म्हणून. मी किती घाबरलेय, ते एकदा तरी विचारलंस? तुझ्या रितीपायी मी माझं बाळ पणाला लावणार नाही. पटत नसेल तर एकदम बारशालाच ये.

सायली

मुळशी, १२ फेब्रुवारी

पोरी, लई आशीर्वाद.

तुला खोटं पाडायला रिपोट घेऊन उपकेंद्रातल्या उत्कर्षा नर्सबाईकडं गेले. तिनं तुझंच खरं केलं. तू तितंच ऱ्हा. रविवारी मीच येते, अन् पाणी गेलं की तुला दवाखान्यात मीच नेते.

मग मी तिला एक इचारलं, जे तुमा पोरांना कधी सांगितलं न्हाई. तुझ्या भावाच्या, शंभूच्या आधी मला एक मुलगा झाला होता. घरीच. आदल्या दिशी पाणी गेलं होतं. तिसऱ्या दिशी पोर कण्हायला लागलं, अंगावर प्यायचं थांबलं, सांजच्याला गेलं. नर्सबाई म्हणली, कशानं गेलं ते आता कुणी सांगू शकत न्हाई. पर माठातल्या पाण्यानं खास न्हाई.

व्हय, पाण्यानं! तुझ्या आजीनं साऱ्या गावाला सांगितलं होतं, हिनं बाळंतपणात गार पाणी ढोसलं म्हणून पोर गेलं. मीबी ते खरं धरलं. माझ्या हातानं माझं पोर मारलं म्हणून पस्तीस वरसं मी गार पाण्याला शिवले न्हाई.

काल घरी आले, म्हातारीच्या फोटूपुढं उभी राहिले, अन् माठातलं तांब्याभर पाणी घटाघटा प्याले.

माया हाय, ती संगंच आणते.

तुझी आई, साळूबाई