मैत्री नावाचं पिल्लू

१४ जुलै, सोमवार

कुत्रंच आणायचं. ठरलं.

काल माहेराहून, मुरुडहून, नांदेडला परतले तेव्हापासून डोक्यात तेच आहे. हिवाळ्यात आई गेली आणि अण्णा तेव्हापासून मधल्या खोलीबाहेर फारसे येतच नाहीत. शेजारच्या साखराबाई दोन्ही वेळेला भाकरी आणून ठेवतात. ती तशीच झाकलेली राहते. वर्षावास सुरू झाला, विहारात रोजचं धम्मग्रंथाचं वाचन सुरू झालं, अण्णा गेले नाहीत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून पावसाळ्याचे तीन महिने वाचन त्यांचंच असायचं. वस्तीतल्या बाया भांडी अर्धवट टाकून ऐकायला यायच्या. यंदा दुसरं कुणीतरी वाचतंय.

"नांदेडला चला," म्हटलं.

"तिथं काय करू? तू बँकेत, ऋतुजा कॉलेजात. मी तुमच्या कुलपाची राखण करू का?"

खरंच आहे. लेक आणि मी, दोघी दिवसभर बाहेर. म्हणून कुत्रं. कुणीतरी त्यांच्या पायात घुटमळेल. त्याला भूक लागली की यांना उठावं लागेल.

मी जाऊन राहत नाही, कुत्रं पाठवते. इथे तरी खोटं नको.

१५ जुलै

अण्णांना फोनवर विचारलं. म्हणाले, "आण. पण विकत नको. जिवाचा व्यापार करणाऱ्याच्या हातावर पैसा ठेवायचा नाही. भगवंतांनी वाईट म्हटलेल्या धंद्यांतला तो एक आहे, प्रिया."

आई गेल्यापासून एवढं लांब बोलले नव्हते. लगेच "बरं" म्हटलं.

ऋतुजा म्हणते, "मुरुडच्या स्टँडवर ढिगाने फिरतात. उचल एक."

पण गल्लीतली कुत्री साखराबाईंच्या कोंबड्या धरतात. अण्णांना भाकरी आणायची ती त्यांनीच, त्यांचा राग ओढवून कसं चालेल? शिवाय, माझं मन मला ठाऊक आहे, मला सोनेरी, लोंबत्या कानांचं हवंय. फोटोत असतं तसं.

फेसबुकवर पाळीव प्राण्यांचा एक गट आहे. त्यात लिहून टाकलं: वडिलांसाठी पिल्लू हवं, ते धम्म पाळतात, विकत घेत नाहीत, कुणाला चांगल्या घरी द्यायचं असेल तर कळवा.

१७ जुलै, गुरुवार

मिळालं!

मेसेज आला, फोन लावला. समोरून पहिला शब्द — "जय भीम, ताई." नाव धम्मानंद. संभाजीनगरला नोकरी, बदली झाली आसामात, क्वार्टरमध्ये कुत्रं चालत नाही. आवाज कोवळा, अदबीचा. "ताई, आपण जिवाचा पैसा घेत नसतो. दान समजा. फक्त गाडीभाडं तेवढं तुमच्याकडं." पिल्लू मादी आहे. नाव मैत्री ठेवलंय म्हणे. फोटोत ती एका बुटाला चावतेय.

"व्हिडिओ कॉल करता का? बघते तरी."

"ताई, आपल्याच माणसाची परीक्षा घेता?"

पुढे विचारलं नाही. विचारवलंच नाही. या शहरात भाड्याचं घर शोधताना घरमालक पाण्याचा ग्लास हातात द्यायच्या आधी आडनाव विचारायचे. मग गाव, मग कोणत्या गल्लीत राहता. तेव्हाच ठरवलं होतं, आपण कुणाची अशी झडती घ्यायची नाही. आपल्या माणसाची तर नाहीच.

१८ जुलै

गाडीभाडं पाठवलं. अण्णांचा पत्ता आणि नंबर दिला, पिल्लू तिकडेच उतरेल. ऋतुजाला सांगितलं नाही. ती नाक मुरडणार.

२१ जुलै, सोमवार

पिंजरा नियमाप्रमाणे हवा, त्याचे पैसे पाठवले. लसीचा दाखला हवा, त्याचेही पाठवले. पिल्लू पोचलं की सगळे परत मिळणार आहेत.

२२ जुलै

अण्णांनी दाराशी गोणपाट अंथरलंय. साखराबाईंकडून स्वतः मागून आणलं. "पोरगी कधी येतीय?" म्हणून मला विचारलं. पोरगी!

२४ जुलै, गुरुवार

गाडी बीडला अडवली म्हणे. जनावर नेण्याचा परवाना नाही, दंड भरा, नाहीतर जप्त. "ताई, ती रडून राहिली. लवकर करा."

माझा अंगठा फोनवर होता. ऋतुजा मागे उभी होती, मला कळलंच नाही. तिने फोन काढून घेतला, तो फोटो कुठेतरी टाकून शोधला आणि माझ्यासमोर धरला. तेच पिल्लू, तोच बूट. कुठल्या तरी परदेशी साइटवर, कितीतरी वर्षांपूर्वीचं.

"मम्मी, हे म्हातारं होऊन मेलंसुद्धा असेल आता."

मी फोटो मोठा करून बुटाकडे बघितलं.

"तू बँकेत आहेस ना गं?"

२५ जुलै

नंबर बंद.

हेल्पलाइनला कळवलं, मग ठाण्यात गेले. हवालदार हसला नाही, पण हसू दाबताना त्याची मिशी हलली. "कुत्र्यासाठी? आमच्या गावाकडं या मॅडम. फुकट घेऊन जा म्हणून माणसं मागं लागतेत." तक्रार मात्र नीट लिहून घेतली. निघताना म्हणाला, "अशा लोकांचे नंबर रोज बदलतेत. एखादा चालू नंबर हाती लागला तर लगेच द्या. उचलतो."

दुपारी काउंटरवर कंधारकडचे एक आजोबा आले. त्यांना मी नेहमीप्रमाणे सांगत होते, ओटीपी कुणाला द्यायचा नाही, फोनवर कुणी कितीही गोड बोललं तरी. ते मान डोलवत होते. माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघत होते की मला उठून आत जावं लागलं.

किती गेले ते लिहिणार नाही. ते पगारातून भरून निघेल. त्याने दुसरंच काहीतरी नेलंय. इतकी वर्षं परक्या गावात, परक्या ऑफिसात कुणी "जय भीम" म्हटलं की खांदे सैल व्हायचे. आता आधी चेहरा बघेन. तेवढं नेलं त्याने. आणि दार मीच दाखवलं. वडील काय मानतात, काय विकत घेत नाहीत, सगळं गटात मीच लिहिलं होतं. त्याने माझंच वाक्य मला परत वाचून दाखवलं, आणि मला वाटलं, किती आपला माणूस.

खरंच आपला आहे की नुसतं नाव घेतलंय, कोण जाणे. दोन्हीतलं जास्त वाईट कोणतं, तेही कळत नाही.

२७ जुलै, रविवार

अण्णांना सांगितलं, पिल्लू येणार नाही, माणूस लबाड निघाला.

"बरं," म्हणाले. एवढंच.

३१ जुलै, गुरुवार

साखराबाईंचा फोन. धसकून उचलला.

"काळजी करू नका ताई. अण्णा लई बरे हायेत. दोन दोन भाकरी खाऊन राहिले. रोज संध्याकाळी फोनवर कुणाला तरी वाचून दावतेत. तुम्हालाच ना?"

मी "हो" म्हणाले. का म्हणाले?

३ ऑगस्ट, रविवार

मुरुडला गेले होते. आत्ता परत आले.

अण्णा मागे अंघोळीला गेले होते. त्यांचा फोन वाजला. मी उचलला, बोलायच्या आधीच तिकडून —

"जय भीम अण्णा. जेवण झालं का? काल साखराबाईनं शेपू केला होता, तो तुम्ही ठेवून दिला ना? आज तसं चालणार नाही हां."

तोच आवाज.

तो म्हणाला, "अण्णा? बोला ना. बरं वाटत नाही का? परवा छातीत कळ आली म्हणत होतात, तसं तर नाही?"

छातीत कळ. मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "मी त्यांची मुलगी." तिकडून फोन बंद.

अण्णा पंचा गुंडाळून आले. माझ्या हातात फोन बघून समजले.

"गोणपाट अंथरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पिल्लू कुठं उतरवायचं म्हणून त्यानं फोन केला. बोलण्यावरूनच कळलं," म्हणाले. "मी म्हटलं, बाळा, पिल्लूबिल्लू काही नाही, मला ठाऊक आहे. तरी तू जेवलास का? तर त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. दुसऱ्या नंबरवरून."

"ठाऊक होतं? मग मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलं नाहीस. तू गाडी कुठं आली ते सांगत होतीस."

"चोर आहे तो, अण्णा!"

"हाव. म्हणून तर वाचून दाखवतो. विहारात जे बसतात त्यांना सगळं पाठ आहे."

"आणि तो ऐकतो?"

"मधे मधे विचारतो. शाळेत कुणी विचारायचं नाही एवढं विचारतो." मग टॉवेल दोरीवर टाकत, माझ्याकडे न बघता, "आणि जेवलात का, हेही विचारतो."

मी त्यांच्या फोनमधून तो नंबर घेतला. त्यांनी बघितलं. अडवलं नाही.

डॉक्टरकडे नेलं त्यांना. दुखणं पित्ताचं निघालं. बसमध्ये रडू आलं, खिडकीकडे तोंड केलं.

४ ऑगस्ट

ठाण्यावरून आज जाता-येता दोनदा गेले. आत गेले नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

फेसबुकच्या त्याच गटात उदगीरच्या कुणा शिल्पाने विचारलंय, "या दादांकडून कुणी पिल्लू घेतलंय का? माझं बीडला अडकलंय. मुलगा सकाळपासून दारात बसलाय." खाली फोटो. बूट. तोच.

मी लिहिलं, पैसे पाठवू नका, फसवणूक आहे. तिने लिहिलं, "आता सांगून काय उपयोग ताई."

म्हणजे सकाळी तो तिला ते पिल्लू रडतंय म्हणून सांगतो. संध्याकाळी माझ्या वडिलांकडून शील ऐकतो. आणि मी नंबर पर्समध्ये घालून बँकेत जाते, काउंटरवर बसून लोकांना शहाणपण सांगते.

ऋतुजाला सगळं सांगितलं. "दे ना मग नंबर. कशाची वाट बघतेस?"

"अण्णा जेवतात गं."

ती उठून आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

अण्णांच्या दोन भाकरींची किंमत उदगीरची बाई भरतेय. हे लिहिलं, म्हणजे मला कळतंय. कळूनही पर्स उघडत नाही.

७ ऑगस्ट

अण्णांना फोन करून शिल्पाचं सांगितलं. कशाला सांगितलं? "देऊन टाक" हे त्यांनी म्हणावं म्हणून. म्हणजे माझ्या अंगावर काही नको.

त्यांनी एवढंच विचारलं, "कुणासाठी घेत होती ती?"

"मुलासाठी. दारात बसलाय म्हणे."

फोन ठेवला त्यांनी. नेहमी 'ठेवतो' म्हणतात. आज म्हणाले नाहीत.

८ ऑगस्ट, शुक्रवार

साखराबाईंचा फोन. अण्णा सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून पोलीस चौकीत गेले आणि नंबर देऊन आले. निघायच्या आधी त्याला फोन केला म्हणे. साखराबाईंनी भिंतीपलीकडून ऐकलं: "मी तुझा नंबर द्यायला निघालोय. तुझ्या पाठीमागं नाही, तुला सांगून देतोय. स्वतः हजर झालास तर मी येतो तुझ्यासंगं."

"जेवले का ते?"

"न्हाई वो. भाकर तशीच हाय. फोन मांडीवर घेऊन बसलेत."

कुणाच्या फोनसाठी, ते विचारलं नाही. मी अण्णांना लावला.