फादर ब्रुनोंना चकवणारा

२ डिसेंबर
फादर ब्रुनोंना जाऊन महिना झाला. सकाळी वसंता आला, माझा धाकटा भाऊ. शहापूरच्या शाळेतली जुनी मुलं त्यांच्या नावाने फुटबॉलच्या मॅचेस भरवणार आहेत. स्मरणिकेत त्यांच्यावर मी लिहायचं. "ताई, दोनच पानं. इटलीत क्लबकडून डिफेन्सला खेळायचे, नाक तिथंच मोडलं, ते घाल." बरं म्हटलं.

४ डिसें.
लिहायला बसले की दिसतं ते कापणीनंतरचं भाताचं खाचर. बांबूचे गोलपोस्ट, पायाला टोचणारी धसकटं. झगा कमरेला खोचून फादर मागे उभे. पोरं त्यांना म्हसोबा म्हणत. त्यांना ओलांडून कुणी जायचं नाही. आम्ही मुली कॉन्व्हेंटच्या कुंपणाला चिकटून. किती लोभस दिवस. आणि मग काशिनाथ.

५ डिसें.
लिहूनच टाकते. काशिनाथ डोळखांबच्या पाड्यातला, आमच्या शाळेविरुद्ध मुरबाडकडून खेळत होता. फादरांनी पाय घातला तो बॉलवर नव्हे. हाड मोडल्याचा आवाज कुंपणापर्यंत आला.
संध्याकाळी सिस्टरनी मला फादरांकडे पाठवलं. त्यांना मराठी लिहिता येत नसे, माझं अक्षर चांगलं. ते सांगत गेले, मी शाळेच्या नोंदवहीत लिहिलं: 'बांधावरून पाय घसरला.' सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते. माझं एकही अक्षर वाकडं आलं नाही.
काशिनाथच्या घरीही तेच कळवलं. घसरला म्हणजे मुरगळला असेल, म्हणून घरच्यांनी हाडवैद्याकडून बांबूच्या कामट्या बांधून घेतल्या. पाय वाकडा बसला. फादर पुन्हा कधी खेळले नाहीत. वय झालं, असं लोक म्हणत.

९ डिसें.
वसंताला सगळं सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, गेलेल्या माणसाला आता कशाला पाडतेस, ताई. रडला. त्याला बूट बांधायला फादरांनीच शिकवलं होतं.

११ डिसें.
डोळखांबला जाऊन आले. निम्म्या पाड्याला कुलपं, माणसं वीटभट्टीवर. काशिनाथला त्या पायामुळे कधीच कुणी नेलं नाही. जन्मभर मागे राहून दुसऱ्यांची म्हातारी माणसं सांभाळली. आता स्वतःच म्हातारा, दारात पाय लांब करून बसलेला.
वहीचं सांगितलं. वाटलं, शिव्या देईल.
"ठावं हाय," म्हणाला. "फादर दर नाताळला यायचा. पायाला तेल चोळून जायचा. बोलायचा नाय काय."
मी उठले तसा म्हणाला, "ताय, पायाचं लिव्हा नायतर नका लिव्हू. पन मी त्याच्या दोन पायांतून बॉल काढलेला. पुढं गेलेलो मी. तेवढं लिव्हा."
हे मला कुंपणातून दिसलंच नव्हतं.

१३ डिसें.
उद्या वसंता पानं न्यायला येईल. शेवटी लिहिलंय: 'फादरांना एकदाच एकाने चकवलं, डोळखांबच्या काशिनाथने.' वसंता म्हणेल, इथंच थांब. थांबले तर पुन्हा तीच वही. पुढे लिहिलं तर फादर...
दुपारपासून पेन उघडंच. आज सांगणारं कुणी नाही.