गव्हाच्या कोठीतली फ्लॉपी

लासुर्णे, ता. इंदापूर
बुधवार, ७ ऑक्टोबर १९९८

तीर्थरूप म्हस्कूतात्यांच्या पायाशी पुतण्या दादासोचा लासुर्ण्याहून दंडवत.

इकडं आम्ही सगळी बरी आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल गुडघ्याला लावता, की बाटली कोनाड्यात ठेवून गुडघ्याला नुसती लांबून दाखवता? राहिलेली चार मेंढरं बरी असतील. मी वरचेवर यायला पाहिजे, हे मला कळतं. तुमची कन्हेरी काही काशी नव्हे, हेही कळतं. पण संस्थेचं काम असं आहे की मान वर करायला सवड नाही. (उत्कर्षावहिनी, पत्र मामंजींना तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून एक विनंती. कंसातलं तेवढं मनात वाचा. त्यांचे डोळे गेले असले तरी कान अजून शाबूत आहेत.)

तुम्हाला ठाऊकच आहे, मी इथल्या उपसा सिंचन संस्थेत लेखनिक आहे. नदीचं पाणी पंपानं वर आणायचं आणि पाळीपाळीनं लोकांच्या रानात सोडायचं, एवढंच संस्थेचं काम. पाळीची यादी पूर्वी मी फळ्यावर खडूनं लिहायचो. दोन सालांमागं कुणीतरी थुंकी लावून तीन नावं पुसली, तिथं स्वतःचं लिहिलं आणि मग चौघांची डोकी फुटली. तेव्हा चेअरमन गेणबाअण्णांनी कॉम्प्युटर आणला. ठराव झाला की यादी कॉम्प्युटरमधून छापून निघाल्याशिवाय पंपवाल्यानं बटणाला हात लावायचा नाही. एकट्यादुकट्यानं यादीत ढवळाढवळ करू नये म्हणून अकरा संचालकांनी अकरा पासवर्ड, म्हणजे गुप्त शब्द, ठरवायचे. त्यातले सहा तरी घातले तरच यादी निघणार. सूचक अण्णा, अनुमोदक सगळेच.

त्या दिवशी एकेक संचालक बाकीच्यांना बाहेर हाकलून, दाराला कडी लावून, माझ्या कानात आपला शब्द सांगून गेला आणि निर्धास्त झाला. निर्धास्त झाला म्हणजे विसरला. मी ते अकरा शब्द एका फाईलीत लिहिले आणि त्या फाईलीला वरून एक माझं, तसल्याच गुप्त शब्दाचं, कुलूप घातलं. रोज सकाळी तेवढं उघडायचं आणि लागेल तो शब्द बघून घालायचा. पाठ मात्र एकही केला नाही. दुसऱ्याचं गुपित डोक्यात ठेवलं की ते कधीतरी तोंडावर येतंच. (अण्णांचा शब्द ऐकून मला ठसका लागला होता, एवढं आठवतं. शब्द आठवत नाही.)

कॉम्प्युटर बसवणारा बारामतीचा इंजिनिअर जाताना म्हणाला, दादासो, फाईल एकाच जागी ठेवू नका, तीन फ्लॉपींवर कॉपी करा आणि त्या लांब लांब ठेवा. फ्लॉपी म्हणजे चौकोनी, काळी, बिस्किटाएवढी तबकडी असते. मी तीन कॉप्या केल्या. एक ऑफिसच्या कपाटात, एक घरी आणि एक इंदापूरला मेहुण्याकडं, सोनबाकडं. शिवाय कॉपी कुणाच्या हातात पडली तरी उघडू नये म्हणून तिला रोजच्यापेक्षा वेगळं कुलूप घातलं, कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही असं. ते स्वतःला आठवावं म्हणून डायरीत खूण लिहून ठेवली. मग चौदा महिने त्यातली एकही कॉपी उघडून बघितली नाही. जपून ठेवलेली वस्तू सारखी उघडून बघू नये, अशी माझी समजूत होती.

परवाच्या खंडेनवमीला ऑफिसात हत्यारांची पूजा झाली. पान्हे, टॉर्च, पंपाची चावी, माझा शिक्का आणि मधोमध कॉम्प्युटर. झेंडूची माळ घातली, हळदीकुंकू वाहिलं, इथवर सगळं रीतीनं झालं. मग अण्णांनी नारळ फोडला आणि पाणी वाया जायला नको म्हणून श्रद्धेनं चारी बाजूंनी शिंपडलं. कॉम्प्युटरला मागच्या अंगाला हवेसाठी भोकं असतात. यंत्र एकदा खाकरलं आणि गप्प झालं. अण्णा म्हणाले, "पावला." कपाटातल्या फ्लॉपीचीही पूजा झाली होती. तिच्या पत्र्याच्या झाकणात कुंकू आणि चार अक्षता शिरल्या होत्या.

इंजिनिअरनं येऊन नवा भाग बसवला. पाळीचा प्रोग्राम यादीसकट त्याच्याकडं होता, तो त्यानं परत भरला. माझी फाईल मात्र गेली. मी म्हणालो, घाबरायचं कारण नाही, कॉप्या आहेत. कुंकवाची फ्लॉपी त्यानं घातली तर मशीन दळण दळल्यासारखं वाजलं आणि पुढं काही नाही. मग सोनबाकडं माणूस पाठवला. सोनबानं फ्लॉपी लगेच दिली. माझी फाईल पुसून तिच्यावर त्यानं स्वतःचा बायोडाटा लिहून ठेवला होता, कारण ती कोरीच वाटली म्हणे. (त्याचं लग्न अजून जमेना. त्यात 'स्वभाव : जबाबदार' असं लिहिलं आहे.)

राहिली घरची. सुकन्याला विचारलं तर ती शांतपणे उठली, गव्हाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि फ्लॉपी काढली. कडुलिंबाचा पाला आणि बोरिक पावडर लावून, फडक्यात बांधलेली. मीच एकदा जेवताना म्हणालो होतो की कॉम्प्युटरच्या वस्तूंना कीड लागते. तिनं गव्हाला करते तेच केलं. इंजिनिअर पोट धरून हसला, पावडर फुंकली आणि फ्लॉपी घातली. उघडली की! तेव्हापासून तो सुकन्याला मॅडम म्हणतो आणि मला काहीच म्हणत नाही.

उघडली म्हणजे दार दिसलं, कुलूप तसंच. मी डायरी काढली. चौदा महिन्यांमागं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : 'तात्याचं लाडकं जनावर.'

चार दिवस मी तुमचा कळप आठवतोय. बांडी घातली, भोरी घातली, काळतोंडी, गव्हाळी, शेंदरी, तो शिंगमोडका एडका, सगळी घातली. कुठलंच चालत नाही. संचालकांना त्यांचे शब्द विचारले तर दहाजण म्हणतात, तुला सांगितलाय की. अण्णांना आपला आठवतो, पण रोज वेगळा. येत्या सोमवारी पाळी सुरू होते. यादी निघाली नाही तर पंप बंद राहील, शेवटच्या टोकाकडच्या लोकांचा लागणीचा ऊस वाळेल, आणि त्यांनी फळा बघितलेला आहे, आता माझं डोकं बघतील. अण्णांनी स्वच्छ सांगितलंय, "सोमवारी यादी न्हाय, तर ऑफिसची किल्ली हितं टेबलावर ठिवायची आन् घरी जायाचं." अकरा वर्षं मी त्या खुर्चीत बसलोय. मला दुसरं काही येत नाही, तात्या. मेंढरंसुद्धा राखता येत नाहीत, हे तर तुम्हाला माहीतच आहे.

बाकी सर्व क्षेम. काकूंना नमस्कार. गुडघ्याला तेल लावा.

तुमचा पुतण्या,
दादासो

ता. क. : दूधगाडीवाला सोपान पत्र घेऊन येतोय, तो थांबेल. तुमच्या सगळ्यात लाडक्या जनावराचं नाव तेवढं वहिनींकडून चिठ्ठीवर लिहून द्या. तुम्ही लगेच बांडीचं नाव घ्याल. ते मी सगळ्यात आधी घालून बघितलंय.

ता. क. दुसरा : एवढ्या कामासाठी स्वतः का आलो नाही, असं तुम्ही म्हणाल. (वहिनी, हे कंसातलं आहे, मनातच वाचा. बांडीला लांडग्यानं नेली नव्हती. मी बारा वर्षांचा होतो, बाभळीखाली झोपलो. ती कापलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात शिरली, तो विषारी पाला खाल्ला आणि तासाभरात आडवी झाली. मी तिला ओढत नेऊन ओढ्याच्या कपारीत टाकली आणि लांडगा लांडगा म्हणून बोंबललो. तात्या मला एक शब्द बोलले नाहीत. टिप्याला मात्र म्हणाले, लांडग्याचा वास येत न्हाय ते कुत्रं काय कामाचं, आणि फलटणकडं जाणाऱ्या कळपाबरोबर दावं बांधून देऊन टाकला. तो बांधापर्यंत वळून वळून बघत होता, तात्यांकडं नाही, माझ्याकडं. रात्री तात्या जेवले नाहीत. नंतर त्यांनी कधी कुत्रं पाळलं नाही. मला कन्हेरीला यायला सवड मिळत नाही, ती यामुळं.)

ता. क. तिसरा : वरचा कंस पुरा केला आणि हातातलं पेन तसंच टाकून ऑफिसात गेलो. मशीनवर 'टिप्या' घातलं. फाईल उघडली. अकराच्या अकरा शब्द जागेवर आहेत, यादी छापून झाली, अण्णांनी चहा सांगितला. (अण्णांचा शब्द मी लिहिणार नाही. ते त्यांच्या कारभारणीचं नाव तरी नाही, एवढंच.) म्हणजे आता तुमच्याकडं काहीच काम उरलं नाही. सुकन्या म्हणाली, मग पत्र फाडा आणि दुसरं खुशालीचं लिहा. मी चांगली भरपूर खळ लावून पाकीट बंद करतोय.

वहिनी, सुरुवातीची विनंती मागं घेतो. दुसऱ्या ता. क. मधला कंस मोठ्यानं वाचा, सावकाश वाचा. तात्या काय म्हणाले ते सोपानकडं कळवा. काही न बोलता उठून मेंढरांकडं गेले, तर तेही कळवा. मी रविवारी येतोच आहे.